आजोबा ‘बोटीवर’ होते म्हणतात: नौदलाच्या किनारी तळांवरची नोकरी शोधताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठवाड्याला समुद्र नाही. तरी परभणी, बीड, नांदेडकडच्या कितीतरी घरांत भिंतीवर पांढऱ्या गणवेशातला एक तरुण टांगलेला असतो. घरचे सांगतात, “आमचा आज्जा नेव्हीत होता, लढाईच्या टायमाला.” पुढं विचारलं की गोष्ट थांबते. वसमतकडचे माझे चुलत आजोबा असेच ‘बोटीवाले आबा’ होते. त्यांचे कागद जुळवता जुळवता जे कळलं आणि मग नातेवाइकांनी, ओळखीच्यांनी जे जे विचारलं, ते इथं मांडलंय. इथला सगळा विचार १९३४ ते १९५० या काळातल्या रॉयल इंडियन नेव्हीचा आहे. १९५० नंतर भरती झालेल्यांचं काम बरंच सोपं असतं.

आमचे आजोबा ‘तलवार’ नावाच्या बोटीवर होते. त्या बोटीची माहिती कुठं मिळेल?

बहुतेक ती बोट नव्हतीच. त्या काळची ‘एच.एम.आय.एस. तलवार’ (एच.एम.आय.एस. म्हणजे हिज मॅजेस्टीज इंडियन शिप) ही मुंबईत कुलाब्याला असलेली बिनतारी संदेशांची शाळा. बराकी, वर्ग, जेवणाची खोली, सगळं जमिनीवर. नौदलाची रीत अशी की किनाऱ्यावरच्या तळालाही जहाजासारखं नाव द्यायचं आणि प्रत्येक माणूस कुठल्या तरी ‘जहाजा’च्या पटावर असायचाच. तळाच्या फाटकाबाहेर पडायचं तरी खलाशी “किनाऱ्यावर जातो” असंच म्हणत. आजोबा घरी आले की तीच भाषा बोलत, आणि ऐकणाऱ्याला वाटे की हा माणूस रात्रंदिवस समुद्रात आहे. त्यांनी खोटं काही सांगितलं नव्हतं, ऐकणाऱ्यांनी समजून घ्यायला चूक केली.

मी स्वतः दोन वर्षं ‘डलहौसी’ नावाची युद्धनौका शोधत होतो. शेवटी कळलं की डलहौसी म्हणजे मुंबईच्या फोर्टातली कॅसल बॅरॅक्स, एशियाटिक लायब्ररीच्या पाठीमागं. त्या लायब्ररीच्या पायऱ्यांवर बसून मी कितीदा चहा प्यायलो होतो!

अजून एक गफलत होते. ‘तलवार’ हे नाव नौदलानं पुढं खऱ्या जहाजांना दिलं. सध्याची युद्धनौका २००३ मध्ये रशियातून आली. इंटरनेटवर ‘तलवार’ टाकलं की तिचेच फोटो येतात. ते आजोबांच्या फोटोशेजारी लावू नका.

असे तळ कोणते होते?

सगळे सांगत बसत नाही, आपल्याकडच्या कागदांत जे सापडतात तेवढे सांगतो.

मुंबई आणि आसपास: डलहौसी हा मुख्य डेपो, १९५१ मध्ये त्याचं नाव ‘आंग्रे’ झालं. तलवार ही संदेशशाळा. वर्सोव्याचं मच्छलीमार पाणबुडीविरोधी शिक्षणाचं. ठाण्याजवळ कोलशेतला अकबर, तिथं नव्या रंगरुटांना तयार करत. मालाड-मार्वेकडं हमला, हा उतरणीच्या बोटींचा, म्हणजे लँडिंग क्राफ्टचा तळ. मलबार हिलवरचं फिरोज अधिकाऱ्यांसाठी. लोणावळ्याचं शिवाजी १९४५ च्या फेब्रुवारीत सुरू झालं, ते इंजिनवाल्यांचं. शिवाजी आणि हमला ही नावं आजही तशीच आहेत.

मुंबईबाहेर: जामनगरजवळ रोझी बेटावर वालसुरा ही टॉर्पेडोची शाळा, कोचीनला वेंदुरुथी, विशाखापट्टणमला सरकार्स, मद्रासला अड्यार, कलकत्त्याला हुगळी. हुगळीचं नाव १९७४ मध्ये ‘नेताजी सुभाष’ झालं. कराचीत बहादूर आणि दिलावर पोरांच्या प्रशिक्षणाचे, हिमालया तोफखान्याची शाळा, चमक रडारची.

नावाआधी ‘एच.एम.आय.एस.’ आहे की नुसतं ‘एच.एम.एस.’, हे भिंग लावून बघा. ‘आय’ नसेल तर तो तळ इंग्लंडच्या नौदलाचा. असे तळही हिंदुस्थानात होते, मुंबईला ब्रॅगान्झा आणि कोइमतूरला गरुडा.

निझामाच्या मुलखातला माणूस इंग्रजांच्या नौदलात गेलाच कसा?

औरंगाबाद, परभणी, नांदेडहून रेल्वेनं मनमाड आणि तिथून मुंबई. लातूरकडून बार्शी लाइट रेल्वेच्या छोट्या गाडीनं कुर्डुवाडी आणि पुढं मोठी गाडी. गिरणीत काम शोधायला जाणाऱ्यांचाच हा रस्ता. दुसऱ्या महायुद्धाआधी या नौदलात दोनेक हजार माणसं होती आणि खलाशी मुख्यतः कोकणातले नि पंजाबातले. युद्ध संपेपर्यंत संख्या तीस हजारांच्या घरात गेली. एवढी माणसं हवी असताना गाव निझामाचं की इंग्रजांचं हे कोण बघत बसतो?

पगार मिळे तो कलदार, म्हणजे इंग्रजी रुपयात. गावाकडं चालायचा निझामाचा हाली रुपया, साधारण सात हालीला सहा कलदार मिळत. म्हणून बोटीवाल्याची मनीऑर्डर आली की गावभर चर्चा व्हायची.

या ठिकाणी एक सूचना. हैदराबाद संस्थानातला माणूस स्वतःच्या गावाचा पत्ता देईलच असं नाही. सोलापूर, नगर, पुण्यात मामा असला तर मामाचा पत्ता लागे. माझ्या चुलत आजोबांच्या कागदावर त्यांच्या मेव्हण्याचं सोलापूरचं घर आहे. वसमतचा उल्लेख पूर्ण कागदात एकदाच येतो, तोही चुकीच्या स्पेलिंगनं.

आणि कागदांत ‘निझाम’ असं जहाजाचं नाव भेटलं तर उडी मारू नका. त्या नावाची विनाशिका होती, नाव हैदराबादच्या निझामावरूनच होतं, पण ती चालवली ऑस्ट्रेलियाच्या नौदलानं.

घरात आधी काय शोधायचं?

नंबर. बाकी सगळं नंतर. सेवा क्रमांक मिळाला की अर्धं काम झालं. तो असतो डिस्चार्जच्या कागदावर, पगाराच्या पुस्तकात, जुन्या पाकिटावर, ट्रंकेच्या झाकणावर पांढऱ्या रंगानं लिहिलेला, कधी पितळेच्या बिल्ल्यावर, पदकाच्या कडेवर कोरलेला असेल तर तिथंही. म्हणून पत्र्याची पेटी उघडाल तेव्हा आतले कागदच नाही, पेटीही तपासा. आमच्याकडं ती धान्याची पेटी झाली होती. नंबर सापडला तो झाकणाच्या आतल्या बाजूला, ज्वारीच्या धुळीखाली.

पत्रांच्या पाकिटावर ‘फ्लीट मेल ऑफिस, बॉम्बे’ एवढंच असेल तर माणूस मुंबईतच होता असं समजू नका. नौदलाची टपाल त्या पत्त्यावरून फिरायची.

म्हातारी माणसं असतील तर आजच बसा त्यांच्याजवळ. “कुठं होते?” असं विचारलं तर “मुंबईला” एवढंच येतं. “सुट्टीवर आले की काय आणायचे? काम काय सांगायचे? हाताला काय लागायचं, तेल की शाई?” असं विचारा. माझ्या आत्यानं सांगितलं की आबा रात्री झोपेत बोटं टेबलावर आपटायचे. ती तारेची कळ दाबायची सवय वाटली, म्हणून मी संदेशशाळेकडं वळलो आणि तेच खरं निघालं.

फोटोशिवाय काहीच नाही. फोटोवरून काही कळतं का?

बरंच कळतं.

टोपीच्या पट्टीवर जहाजाचं नाव असेल असं सगळ्यांना वाटतं. युद्धकाळात गुप्ततेसाठी पट्टीवर फक्त ‘एच.एम.आय.एस.’ असे. तिथून काही मिळत नाही. बघायच्या त्या बाह्या.

उजव्या बाहीवर कामाचं चिन्ह असतं. पंख आणि विजेची रेघ असेल तर बिनतारी संदेशवाला, म्हणजे ‘तलवार’कडं बघा. एकमेकांवर आडवी निशाणं असतील तर झेंड्यांनी संदेश देणारा. जहाजाचा पंखा (प्रोपेलर) असेल तर स्टोकर, इंजिनाकडचा माणूस. तोफ असेल तर तोफखाना, म्हणून कराचीचं हिमालया. टॉर्पेडो असेल तर वालसुरा. डाव्या बाहीवर एक नांगर म्हणजे लीडिंग (साध्या खलाशाच्या वरचा), दोन आडवे नांगर म्हणजे पेटी ऑफिसर (त्याच्याही वरचा). त्याखालच्या उलट्या पट्ट्या चांगल्या वर्तणुकीच्या, पहिली साधारण तीन वर्षांच्या नोकरीनं मिळे. १९४५ च्या फोटोत एक पट्टी असेल तर माणूस १९४२ किंवा त्याआधी लागला असणार.

पण फोटो उलटा छापलेला असू शकतो, तेव्हा डावं-उजवं बदलतं. सदऱ्याची बटणं आणि हातातलं घड्याळ बघून घ्या. फोटोच्या मागे स्टुडिओचा शिक्का असतो, त्यावरचं शहर टिपून ठेवा. आणि एक खबरदारी. स्टुडिओत गणवेश भाड्यानं घेऊन काढलेले फोटोही मी पाहिलेत. गावाकडं पाठवायला काढलेला फोटो नोकरीचा पुरावा होत नाही.

बाहीवर कसलंच चिन्ह नसेल तर निराश होऊ नका. साधा खलाशी, आचारी, स्टुअर्ड, सफाईवाला टोपास, सगळ्यांची नोकरी नोकरीच. संदेशवाल्याला इंग्रजी येणं भाग होतं आणि आपल्याकडच्या शाळा बहुतेक उर्दू माध्यमाच्या. तेव्हा गावातून थेट गेलेल्या, इंग्रजी न शिकलेल्या पोराला इंजिनावर, भटारखान्यात किंवा डेकवर काम मिळालं असण्याचाच संभव जास्त.

सेवा प्रमाणपत्रावर ‘जहाज’ या रकान्यात पाच-सहा नावं आहेत. एवढी जहाजं?

यात बहुतेक तळच असतात. समजा रकान्यात असं आहे: डलहौसी दहा दिवस, अकबर तीन महिने, तलवार सात महिने, पुन्हा डलहौसी, मग हुगळी दीड वर्ष, शेवटी डलहौसी. याचा अर्थ माणूस मुंबईच्या डेपोत आला, कोलशेतला कवायत शिकला, कुलाब्याला संदेश शिकला, डेपोत बदलीची वाट पाहत बसला, कलकत्त्याला नोकरी केली आणि सुटायला परत डेपोत आला. मधलं डलहौसी म्हणजे नुसती प्रतीक्षा. पण घरच्यांना तेच नाव लक्षात राहतं, कारण ते तीनदा येतं.

लहान बोटींवरची माणसंही तळाच्या पटावर असत. म्हणून हमलाचं नाव असलेला माणूस खरोखर समुद्रात उतरणीच्या बोटीवर गेलेलाही असू शकतो. तळाच्या नावापुढं कंसात काही लिहिलं असेल तर ते सोडू नका, ते अशा बोटीचं नाव असू शकतं.

जन्मसाल १३३२ लिहिलंय. हे काय?

फसली साल. निझामाच्या दप्तरात हेच चाले. वर्ष ऑक्टोबरच्या सुरुवातीला, आजूर महिन्यानं सुरू होई. ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये पडणारी तारीख असेल तर फसलीत ५९० मिळवा, जानेवारीपासून पुढची असेल तर ५९१. खुर्दाद १३३२ म्हणजे १९२३ चा एप्रिलच्या आसपासचा काळ.

शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात जन्मतारीख उर्दूत असते आणि जमिनीचे जुने कागद उर्दूत नि मोडीत. दोन्ही वाचणारी माणसं तालुक्याच्या ठिकाणी आजही मिळतात, पुढच्या दहा वर्षांत मिळतील का सांगता येत नाही. शिवाय नौदलाच्या कागदातलं वय आणि शाळेतलं वय जुळणार नाही, हे धरूनच चला. भरतीसाठी वय कमी-जास्त करणं तेव्हाही होतंच.

अर्जात जिल्हा कोणता लिहू? तेव्हाचा की आत्ताचा?

दोन्ही. इथं आपल्या भागातल्या लोकांची सगळ्यात जास्त अडचण होते. माझा पहिला अर्ज एका कार्यालयातून “नोंद आढळत नाही” म्हणून परत आला, कारण मी हिंगोली जिल्हा लिहिला होता. तो जिल्हाच १९९९ मध्ये झाला!

१९४० च्या आसपास मराठवाड्यात पाचच जिल्हे होते: औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद. जालना औरंगाबादेत होतं, लातूर उस्मानाबादेत, हिंगोली-वसमत-कळमनुरी परभणीत. उदगीर, अहमदपूर, निलंगा तर थेट बीदर जिल्ह्यात, १९५६ मध्ये इकडं आले. किनवट आदिलाबादेत होतं. उलट मुधोळ नांदेडात होतं, ते आता तेलंगणात आहे. गावाचं नावही तपासा. अंबाजोगाई तेव्हा मोमिनाबाद होती आणि बीडचं इंग्रजी स्पेलिंग ‘भीर’ असं वाचलं जाईल असं लिहीत. वर प्रांताच्या जागी ‘हैदराबाद डेक्कन’ किंवा ‘निझाम्स डोमिनियन्स’. आडनाव नसेल तर बापाचं नावच आडनाव म्हणून आलेलं असतं.

म्हणून अर्जात असं लिहा: मौजा अमुक, तेव्हाचा तालुका आणि जिल्हा, हैदराबाद संस्थान, आजचा तालुका आणि जिल्हा, महाराष्ट्र. सोबत नावाची चार स्पेलिंगं.

मूळ नोंद कुणाकडं असते आणि अर्ज कसा करायचा?

खलाशांच्या नोंदी नौदलाच्या ‘ब्युरो ऑफ सेलर्स’कडं, मुंबईत मानखुर्दच्या चिता कॅम्पला. अधिकाऱ्यांचं प्रकरण दिल्लीच्या नौदल मुख्यालयाकडं जातं.

अर्ज साधा, एक पानी, इंग्रजीत करा. नंबर, नाव, बापाचं नाव, गाव, पद, तळांची नावं, अंदाजे तारखा. सोबत मृत्यूचा दाखला, तुमचं नातं सिद्ध करणारा कागद, फोटोची प्रत. मूळ कागद पाठवू नका, कधीच नाही. उत्तर आलं नाही तर माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करता येतो, तीस दिवसांची मुदत असते. पण माहिती अधिकारानं सुरुवात करू नये, असं माझं मत. साध्या पत्राला माणूस उत्तर देतो, माहिती अधिकाराला बऱ्याचदा कायद्याचं कलम उत्तर देतं.

त्याआधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन या. दुसऱ्या महायुद्धातल्या माजी सैनिकांना आणि विधवांना राज्य सरकार मानधन देतं. तुमच्या आजीला ते मिळत असेल तर तिच्या फायलीत नंबर, पद, डिस्चार्जची तारीख सगळं आधीच असेल. शेजारी पडलेली फाईल सोडून लोक मुंबई-दिल्लीला पत्रं लिहितात.

इंग्लंडला लिहून उपयोग होईल का?

खलाशासाठी नाही. त्यांचे कागद इथंच राहिले. आजोबा अधिकारी असतील तर लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या दप्तरात आणि जुन्या नेव्ही लिस्टांत, म्हणजे अधिकाऱ्यांच्या छापील याद्यांत, पाहावं. अधिकाऱ्यांच्या नेमणुका भारताच्या राजपत्रातही छापून येत.

दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं ‘अभिलेख पटल’ घरबसल्या बघता येतं. तिथं व्यक्तीच्या नावानं फारसं सापडत नाही, तळाच्या नावानं शोधा.

आजोबा कराचीला होते. फाळणीत कागद तिकडं गेले का?

तळ तिकडं गेले. माणसानं भारताचं नौदल निवडलं असेल किंवा तो १९४७ आधीच सुटला असेल तर मुंबईतच विचारा.

आमचे आजोबा १९४६ च्या बंडात होते. सिद्ध कसं करायचं?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारतात आणि उत्तर ऐकून लोक नाराज होतात.

१८ फेब्रुवारी १९४६ ला तलवारवरून उठाव सुरू झाला. निकृष्ट जेवण आणि तळाच्या प्रमुख अधिकाऱ्याची शिवीगाळ ही ठिणगी. दुसऱ्या दिवशी तो कॅसल बॅरॅक्ससह इतर तळांवर आणि बंदरातल्या जहाजांवर पसरला, कराचीलाही पोचला. एम. एस. खान आणि मदनसिंग यांच्या नेतृत्वाखाली मध्यवर्ती संप समिती झाली. २१ ला कॅसल बॅरॅक्सवर गोळीबार झाला, २३ ला संप मागं घेतला गेला. ७८ जहाजं, २० तळ आणि सुमारे २०,००० खलाशी यात आले, असं सांगतात.

आता तुमच्या आजोबांकडं या. पहिली गोष्ट डिस्चार्जची तारीख. ती १८ फेब्रुवारी १९४६ च्या आधीची असेल तर विषय संपला. नंतरची असली तरी पुरावा होत नाही, कारण युद्ध संपल्यामुळं त्याच वर्षी हजारो जणांना नेहमीच्या पद्धतीनं घरी पाठवलं गेलं. तलवारचं नाव आहे म्हणूनही पुरावा नाही, माणूस १९४३ मध्ये तिथून शिकून गेलेला असू शकतो. त्या आठवड्यात तो नेमका कुठं होता, ते बघायचं. मग कारणाचा रकाना. ‘सर्व्हिसेस नो लाँगर रिक्वायर्ड’ (सेवेची आता गरज नाही) असा शेरा आणि तारीख उठावाच्या लगेच नंतरची, अशी जोडी जुळली तर पुढं खोदण्यात अर्थ आहे. हा शेरा इतर कारणांनीही मिळे, तेव्हा एकट्या शेऱ्यावर जाऊ नका. चौकशीसाठी न्यायमूर्ती फझल अली यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला होता, त्याच्या कागदांत साक्षी आहेत.

नौदलातून काढलेली आपल्याकडची काही पोरं पुढं रझाकारांच्या काळात सरहद्दीवरच्या कॅम्पांत गेल्याचं घराघरांत सांगतात. तसं असेल तर जिल्हाधिकारी कार्यालयातली स्वातंत्र्यसैनिक निवृत्तिवेतनाची फाईल मागा. १९७२ च्या केंद्राच्या योजनेत नौदलाच्या उठावाला मान्यता आहे आणि हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या अर्जातही माणूस आधीची नोकरी सांगतो. त्या अर्जात स्वतः आजोबांच्या शब्दांत हकिकत असते. ती मिळाली तर बाकी कागद नाही मिळाले तरी चालेल, मी म्हणेन.

दोन पदकं आहेत. त्यावरून ते लढले होते का?

‘वॉर मेडल’ बहुतेकांना मिळालं. ‘इंडिया सर्व्हिस मेडल’ हिंदुस्थानात तीन वर्षं, प्रत्यक्ष लढाईबाहेर नोकरी करणाऱ्याला. एवढी दोनच असतील तर आजोबा बहुधा किनारी तळावरच होते. सोबत तारा असेल, ‘१९३९-४५ स्टार’ किंवा ‘बर्मा स्टार’, तर ते बहुधा समुद्रावर गेले होते. मग मात्र खरं जहाज शोधा.

शेऱ्यात ‘आर’ आहे, किंवा ‘डी.डी.’ आहे.

‘आर’ म्हणजे ‘रन’, पळाला. घरी कुणाला सांगायचं ते तुम्ही ठरवा. ‘डी.डी.’ म्हणजे नोकरीत असताना मृत्यू. युद्धकाळातला असेल तर राष्ट्रकुल युद्धस्मारक आयोगाच्या यादीत नाव शोधा. नौदलातल्या ज्या माणसांची कबर नाही, त्यांची नावं मुंबईच्या इंडियन सीमेन्स होममध्ये ठेवलेल्या स्मृतिग्रंथात आहेत. व्यापारी जहाजांवरचे खलाशीही त्याच ग्रंथात आहेत, म्हणून आजोबा नौदलात सापडले नाहीत तर एकदा तिकडंही बघा. गावात दोघांनाही ‘बोटीवाला’च म्हणत.

आजी नौदलात होती असं म्हणतात. शक्य आहे?

आहे. १९४४ पासून स्त्रियांचा विभाग होता आणि त्यातल्या स्त्रिया किनाऱ्यावरच काम करत. तिचं लग्नाआधीचं नाव शोधा.

किती दिवस लागतात?

आमचं पहिलं उत्तर पाच महिन्यांनी आलं, एका पानाचं. त्यात आबांच्या नोकरीचे सहा रकाने होते, सहाही जमिनीवरचे. आत्याला वाचून दाखवले. तिनं विचारलं, “म्हणजे बोटीत बसलाच न्हाई का रं त्यो?” मी म्हटलं, “न्हाई.” ती म्हणाली, “मग समुद्र लागतो म्हणून तेवढ्या ओकाऱ्या का सांगायचा?” तेव्हापासून मी डलहौसीच्या पुढं कंसात काही आहे का, ते बघायला मूळ नोंदीची प्रत मागितली आहे.